वहिनी, पिठावर पालीची पावलं होती

वहिनी, तू गेल्या मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास, सानपाड्याच्या घरी, गॅलरीतल्या खुर्चीत गेलीस. बुधवारी सकाळी सहा वाजता अक्कांनी तुझ्या दिव्यावरची टोपली उचलली, तेव्हा खालच्या पिठावर पालीची पावलं उमटलेली होती.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. पहिली घडून गेल्यावर पाहिली. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात गेल्यामुळे हा फरक करायची सवय आहे.

अक्का, तुझ्या थोरल्या बहीण, कराडजवळच्या गावाहून मंगळवारी दुपारी साडेचारला पोचल्या. येताना बांबूची टोपली घेऊन आल्या होत्या. बहीण गेल्याचं कळल्यावर टोपली घ्यायचं कसं सुचलं, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी तुझ्या लेकीने, केतकीने, तुला अग्नी दिला. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा अक्कांनी तुझी खुर्ची बाजूला केली होती, ती जागा पुसून घेतली होती. त्यांनी ताटात गव्हाचं पीठ चाळून पसरलं, मधे पणती ठेवली आणि टोपली पालथी घातली. सकाळी पिठावर जो ठसा उमटलेला दिसेल, त्या जन्माला माणूस गेलं असं धरतात. नऊ वर्षांपूर्वी दादाच्या वेळी तो ठसा गाईच्या खुराचा आहे, असं तू आणि अक्कांनी मिळून ठरवलं होतं. मला ती वातीची गळलेली काजळी वाटली होती. तुझ्या नवऱ्याचा आणि माझ्या भावाचा प्रश्न होता. मी बोलले नव्हते.

या वेळी ठरवण्यासारखं काही नव्हतं. पाच-पाच बोटांचे बारीक ठसे ताटाच्या कडेपासून पणतीपर्यंत गेले होते, पणतीला वळसा घालून परत आले होते आणि मधून शेपटीची रेघ होती.

"बया!" अक्का म्हणाल्या. "पाल हाय की ही."

"नाही. मावशी, नीट बघ."

"नीटच बघतीया. ही बोटं बघ. ही शेपूट."

"पण आईच?" केतकी म्हणाली. "अख्ख्या जगात आईच पाल होणार?"

प्रश्न अक्कांनाही कळला होता. त्या सुट्टीला यायच्या तेव्हा तू त्यांची पिशवीसुद्धा दाराबाहेर झटकून मग आत घ्यायचीस.

हे घर घेतलं त्या पहिल्याच महिन्यात दुधाच्या पातेल्यात पाल पडली होती. तू दूध ओतून दिलंस, पातेलं भंगारात दिलंस आणि दादाला म्हणालीस, "गॅलरीला जाळी मारा, न्हाईतर मी गावी जाते." जाळी मारली. तरी पाल यायचीच. सरकत्या पल्ल्याखाली पाणी जायला ठेवलेल्या फटीतून यायची, दाराखालून यायची, एकदा इस्त्रीच्या कपड्यांच्या गाठोड्यातून आली. तू दादाच्या जुन्या पँटचे पाय कापून त्यात रेती भरलीस, तोंडं शिवलीस आणि ती वळकटी दाराखाली लावलीस. घरी येणारा प्रत्येक जण तिला अडखळायचा. "अडखळू द्या," तू म्हणायचीस, "पाल अडखळती का बघा."

समोरच्या मुमताजभाभींनी सांगितलं की अंड्याच्या टरफलांना पाल घाबरते. त्यांच्या श्रीवर्धनच्या घरी तसंच करतात. तुझ्या स्वयंपाकघरात अंडं येत नव्हतं. तीन दिवस विचार करून तू मार्ग काढलास. टरफलं भाभींनी धुऊन आणायची, भाभींनीच जाळीबाहेर टांगायची आणि त्या वेळी तू गॅलरीकडे पाठ करून उभं राहायचं. आठवड्याच्या आत एक पाल त्याच टरफलावर बसलेली दिसली. भाभी म्हणाल्या, "ताई, ही शिकलेली दिसते." तू त्यांना चहा देताना त्या दिवशी साखर घातली नाहीस. चुकून की मुद्दाम, हा वाद तुमच्यात शेवटपर्यंत चालू होता.

शेवटी जे उपयोगी पडलं ते तुझं तू शोधलंस. दिवेलागणीला गॅलरीतली ट्यूबलाइट बंद. "किडं उजेडाला येत्यात, ती किड्यांला येती." चौदा वर्षं आपण गॅलरीतला संध्याकाळचा चहा अंधारात प्यालो. मला पेपर दिसायचा नाही. मी कुरकुर करायचे. तेवढा अर्धा तास मी पेपर बाजूला ठेवत होते, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

तू पाल मारू दिली नाहीस, हेही नोंदवायला हवं. झाडू आडवा धरून, भिंतीला न लावता तिच्या मागे मागे जायचीस आणि म्हणायचीस, "चला बाई, तुमचं घर तिकडं हाय." पालीला तू अहो-जाहो करायचीस. वयाने मोठी असून मलाही तुम्ही म्हणायचीस, कारण मी नणंद. या घरात नणंदेला आणि पालीला सारखाच मान आहे, असं मी एकदा म्हणाले होते.

"मग?" तू म्हणालीस. "दोघीबी घालवून जात न्हाईत."

मी लग्न केलं नाही याबद्दल तू मला एकदाही विचारलं नाहीस. सोसायटीतल्या बायका विचारत, तेव्हा तू परस्पर उत्तर द्यायचीस, "त्यांना कुठं वेळ हाय, त्यांना रोज पेपर असतोय." हे उत्तर इतकं निरर्थक होतं की पुढचा प्रश्न कोणाला सुचत नसे. याबद्दल तुझे आभार मानायचे होते. कधी, कसे, ते ठरलं नव्हतं.

आपला एक वाद अपुरा राहिला. घरातल्या पालीला विष नसतं, हे मी तुला अनेकदा सांगितलं. "मग छापून आणा," तू म्हणालीस. मी विज्ञानाच्या पानावर तसा मजकूर घेतला. तू तो ओळीखाली बोट धरून पुरता वाचलास आणि चष्मा काढून म्हणालीस, "हे तुमीच लिवलंय. तुमचं काय धरायचं?"

आता भोकाबद्दल.

मी घरून काम करू लागले तेव्हा इंटरनेटची तार आली. तार आणणाऱ्याने गॅलरीच्या जाळीच्या चौकटीत यंत्राने भोक पाडलं. तार पेन्सिलीएवढी, भोक अंगठ्याएवढं. तू तेव्हाच म्हणालीस, "वन्सं, ह्यातनं पाल येती."

"एवढ्याशा भोकातून कशी येईल?"

"तिला हाडं असत्यात का पर?"

असतात, मी म्हणाले. आणि बुजवून घेते, असंही म्हणाले. हे दुसरं वाक्य मी किती वेळा म्हणाले ते मोजलेलं नाही. तात्पुरता म्हणून मी तारेभोवती वर्तमानपत्राचा बोळा कोंबला. पावसाने त्याचा लगदा व्हायचा, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी तू तो बदलायला लागलीस. तात्पुरतं तिथेच संपलं. "आज कुठलं पान?" मी आतून विचारायचे. "अग्रलेख," तू म्हणायचीस. "त्यो घट्ट बसतोय."

मंगळवारचा क्रम असा आहे. सव्वादहाला माझी ऑफिसची फोनवरची बैठक सुरू झाली. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं. मधे केव्हातरी तू "वन्सं" अशी हाक मारलीस. एकदा. मी फोनवर हात ठेवून म्हणाले, "थांब गं, दोन मिनिटं." बैठक दहा अडतीसला संपली, फोनमध्ये नोंद आहे. त्यानंतर मी चहा ठेवला. चहा गाळून दोन कप घेऊन गॅलरीत आले, तेव्हा दहा सत्तेचाळीस झाले होते. तू खुर्चीत होतीस, मान डावीकडे. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर दहा बावन्नला आले. हृदय, ते म्हणाले. पाच-दहा मिनिटं झाली असतील, त्याहून जास्त नाही.

म्हणजे बैठक संपली तेव्हा तू होतीस. चहा उकळत होता तेव्हा बहुधा होतीस.

जुना बोळा काढून कठड्यावर ठेवलेला होता. नवा कागद चार घड्या घालून तुझ्या मांडीवर होता. मी तो उचलून कपाटावर ठेवला. भोक उघडंच राहिलं. त्या दिवशी ते कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी भोकापासून चार फुटांवर अक्कांनी पणती लावली. पणतीवर किडे आले. टोपलीची एक कड फरशीवर नीट बसत नव्हती. पाल कुठून आली, का आली आणि पिठावर कशी गेली, यात मला काहीही शंका नाही. हे मला तूच शिकवलं आहेस.

बुधवारी सकाळी मी एवढंच सांगितलं असतं तरी विषय मिटला असता. मी सांगितलं नाही. कारण पुढचा प्रश्न मला माहीत होता. वार्ताहर मजकूर देतात तेव्हा तो मीच विचारते: भोक उघडं का होतं? आणि त्याच्या पुढचा: त्या वेळी तुम्ही कुठे होता?

मी गप्प बसले आणि घरातलं सगळं बदललं.

बुधवारी केतकी रडत होती. गुरुवारी तिने दाराखालची रेतीची वळकटी उचलून माळ्यावर टाकली. संध्याकाळी तिने गॅलरीतली ट्यूबलाइट लावली. पाल तोवर आतल्या भिंतीवर आली होती. बोटाएवढी, फिकट, एका बाजूला शेपटी जरा वाकडी. मी सवयीने बटणाकडे हात नेला.

"आत्या, राहू दे."

"किडे येतात."

"येऊ देत ना. अंधारात तिला खायला काय मिळणार?"

अक्कांना आता आपण बोललो याचा पश्चात्ताप होत होता. "पीठ म्हंजी काय फोटो न्हाई," असं त्या शुक्रवारी दोनदा म्हणाल्या. पण भिंतीजवळून जाताना त्या पदर डोक्यावर घेत होत्या, हे मी पाहिलं.

शुक्रवारी दुपारी मुमताजभाभी वरण-भात घेऊन आल्या. पातेलं नवं आहे, यात मासळी कधी शिजलेली नाही, हे त्यांनी दारातूनच सांगितलं. तुला ऐकू जाईल अशा आवाजात. आत आल्या, भिंतीकडे बघितलं आणि पातेलं ठेवून कोपऱ्यातला झाडू घेतला. दोन पावलं गेल्या नाहीत तोच केतकी ओरडली, "भाभी, नको! आई आहे ती!"

भाभी थांबल्या. झाडू आडवा धरलेलाच होता, भिंतीला न लागलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"मी मारत नव्हते गं," त्या म्हणाल्या. "ताईनेच शिकवलंय मला, असं दाराकडे न्यायचं." मग झाडू जागेवर ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. "आमच्यात असलं काही मानत नाहीत, केतकी. पण नाही हाकलणार. तू म्हणतेस तर नाही."

मी काय मानते, हे मला सांगता येत नाही. पाल ही पाल आहे. ती गॅलरीबाहेरच्या बदामाच्या झाडावरून भोकाने आली, हे मी कोणालाही पटवून देऊ शकते. पण शनिवारी मी पणतीत तेल घालायला वाकले, तेव्हा ती वीतभर वर भिंतीवर होती. मी तिला म्हणाले, "दोन मिनिटं म्हणाले होते, चहाचं सांगितलं नव्हतं." मोठ्याने म्हणाले. हे मी तुला म्हणाले की तिला, की दोघींपैकी कोणी ऐकणार नाही याची खात्री होती म्हणून म्हणाले, ते मला ठाऊक नाही. तू असतीस तर तिला हाकललं असतंस. ती तू असशील तर आम्ही काय करायचं? हा प्रश्न लिहून काढल्यावर चुकीचा दिसतो. पण त्यातला कुठला शब्द काढायचा, ते कळत नाही.

रविवारी दुपारी अक्का झोपल्या होत्या. केतकी तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर बसून मंगळवारचा क्रम सांगितला. वेळांसकट. बोळा, मांडीवरचा कागद, हाक, दोन मिनिटं, चहा.

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "हाक कशी होती? दुखतंय अशी, की नेहमीची?"

"सांगता येत नाही."

"किती वाजता?"

"माहीत नाही."

"आत्या, तू लोकांच्या अपघाताच्या बातम्या मिनिटासाठी अडवून ठेवतेस."

"हो."

मग तिने विचारलं, "चहा दोघींचा ठेवला होतास?"

"हो."

तिने मान हलवली. उठून पर्समधून फोन आणला आणि माझ्यासमोर धरला. त्यात तुझा आवाजी निरोप होता. मंगळवार, सकाळी दहा सव्वीस. त्या वेळी ती ऐरोलीला ऑफिसच्या बैठकीत होती, फोन पालथा ठेवलेला होता. निरोप तिने टॅक्सीत घरी येताना ऐकला होता आणि पाच दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

तू म्हणतेस: "केते, वन्सं फोनवर हायेत, हाक मारली तर थांब म्हणत्यात. येताना पांढरं सिमेंट आण गं थोडं. ह्या कागदाचं आता लई झालं."

आम्ही तो सहा वेळा ऐकला. केतकीला त्यात हसू ऐकू येतं. मला धाप ऐकू येते. सहाव्या वेळी ती म्हणाली की तिलाही धाप ऐकू येतेय. मला तेव्हा हसू ऐकू आलं. यातून एवढंच पक्कं होतं की तुझी हाक दहा सव्वीसच्या आधीची होती आणि ती सिमेंटसाठी असू शकते. दहा सव्वीसनंतर तू पुन्हा हाक मारलीस का, हे कळायला मार्ग नाही. मला एकच ऐकू आली.

काल, सोमवारी, केतकी जुईनगरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पांढरं सिमेंट घेऊन आली. पुडी ओट्यावर ठेवली तेव्हा अक्कांनी विचारलं, कशाला. तिने सांगितलं.

"तेरावं हुईस्तवर वाट बंद करू नगंस," अक्का म्हणाल्या.

"आईने सांगितलंय, मावशी. तिच्या तोंडचं आहे. ऐकवू?"

"सांगितलं तवा ती माणूस हुती."

"म्हणजे?"

"म्हंजी आता तिला जायाचं आसंल तर?"

"आणि राहायचं असेल तर?"

दोघी माझ्याकडे वळल्या. "आत्या, तू सांग," केतकी म्हणाली. "वन्सं, तुमी शिकलेल्या हाय, तुमी सांगा," अक्का म्हणाल्या. जाळी लागली त्या दिवसापासून या विषयावर मी प्रत्येक वेळी तुझ्या विरुद्ध बाजूने बोलले आहे. काल मला तुझी बाजू कुठली, हेच ठरवता आलं नाही. मी म्हणाले, उद्या बघू. मग माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा थांब म्हणाले आहे. मी तिथेच केतकीला म्हणाले, "उद्या सकाळी कर. मी सुट्टी घेते."

आज मंगळवार. साडेनऊला केतकीने वाटीत सिमेंट कालवलं. मी तार सरळ धरली. तिने चमच्याने आधी आतून आणि मग जाळीचा पल्ला सरकवून बाहेरून भोक भरलं आणि बोटाने सारखं केलं. अक्का मधल्या दारात उभ्या होत्या. पल्ला लावून घेतला तेव्हा नऊ पन्नास झाले होते. साडेअकरापर्यंत सिमेंट वरून कडक झालं होतं. त्या वेळी पाल घरातच होती. ट्यूबलाइटच्या पट्टीमागून तिची शेपटी दिसत होती.